वाळवंटी मुलखात जाणाऱ्यांसाठी



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने साहित्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे, निदान संतांवर तरी बोलावे, अशी रीत आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास ही प्रथा घातली, तेव्हापासून विद्वानांनी ती सांभाळली. आम्ही काही विद्वान नाही. सातवीपुढे आम्ही शाळा पाहिली नाही. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटात होते म्हणून वाचले. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, वाळवंटी मुलखातला प्रवास. त्यांना वाटले, आम्ही जैसलमेरची सहल करून आलो असू आणि उंटांच्या गमती सांगू. उंट पुढे एकदाच येणार आहे, तोही रस्ता अडवायला.

आज आम्हांस बोलायचे आहे ते आखाती देशांत पोटासाठी जाणाऱ्यांविषयी. बोईसर-तारापूरच्या वसाहतीत वेल्डिंग शिकलेला मुलगा, वीज केंद्राच्या शटडाऊनमध्ये ठेकेदाराकडे पाइप जोडलेला फिटर, चिंचणीत घरच्या ओटीवर डाय बनवणारा कारागीर, हे सारे कधीतरी वाणगावला किंवा बोईसरला गाडीत बसतात, मुंबईला कुणा एजंटाच्या माडीवर ट्रेड टेस्ट देतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत दुबई, दोहा, दम्माम गाठतात. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांतले काही आमच्या कचेरीत येतात. तोवर एजंटाला पैसे देऊन झालेले असतात, बहिणीची साखळी गहाण पडलेली असते, आणि हातात आलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते विचारायचे राहून गेलेले असते. हे प्रश्न तीन महिने आधी विचारले जावेत, एवढ्यासाठी आजचे बोलणे आहे. आम्ही स्वतः तेथे नोकरी केलेली नाही. पण पंचवीस वर्षे तिथल्या पत्रांची, पगारपत्रकांची आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची उत्तरे दिली आहेत. परत आलेली माणसे समोर बसलेली आहेत. आमचे चुकले तर त्यांनी उठून सांगावे.

पहिल्याने एक जुनी गोष्ट, कारण ती आपल्या गावची आहे. या चिंचणीत गेल्या शतकाच्या मध्याला काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार या पुराभिलेखवेत्त्यांनी ते वाचले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्या वेळी आपल्या उत्तरेला संजाण बंदरावर राष्ट्रकूटांच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी जातीने ताजिक, म्हणजे अरब होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे आले आहे. महंमद या नावाचे ते संस्कृत रूप आहे असे जाणते सांगतात. या अरबाने काय केले? दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली, आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले, जेथे भात, कालवण आणि तूप मिळे. ताम्रपटातले दान तर एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेस आहे. हजार वर्षांपूर्वी परमुलखातून येथे आलेल्या माणसाला अधिकार मिळाला, आणि त्याने प्रवाशाच्या पाण्याची व जेवणाची काळजी घेतली. आता आपली मुले त्याच्या मुलखात जातात. तेथे त्यांच्या पाण्याची काळजी कोण घेतो, हा आजचा मुद्दा आहे.

अलीकडचे नातेही लहान नाही. १९५९ पासून रिझर्व बँक खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा छापत असे. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचे नाणे काढले, १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतार-दुबईकडचेही रुपयातून बाहेर पडले. ओमानात तो १९७० पर्यंत चालला. मग १९७३ मध्ये तेलाचे भाव चढले आणि पैशाचा ओघ उलटा फिरला. ज्यांच्या हातात आपला रुपया होता त्यांच्या दिरहमसाठी आपण रांगा लावू लागलो.

असो. आता उन्हाकडे वळू.

"उन्हाचे आम्हांला काय सांगता, आम्ही चिंचणीचे," असे मुले म्हणतात. मे महिन्यात येथे पारा पस्तिशीच्या आसपास राहतो, घामाने सदरा भिजतो, संध्याकाळी सुरूच्या बनात वारा सुटतो, ताडगोळे खाऊन माणूस निवतो. हे ऊन वेगळे आणि ते वेगळे. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबा येथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. शिवाय तेथे उन्हाचे दोन प्रकार आहेत, आणि जाणाऱ्याने आपण कोणत्या उन्हात चाललो हे विचारून घ्यावे. रियाधसारख्या आतल्या शहरात हवा कोरडी. अंगातून घाम निघतो आणि निघताक्षणी उडून जातो. सदरा कोरडाच राहतो. माणसाला वाटते, आपल्याला घामच येत नाही, मग पाणी कशाला? प्रत्यक्षात जड कामात तासाला लिटरभर पाणी अंगातून गेलेले असते. दुसरे ऊन दुबई, दोहा, दम्मामच्या किनाऱ्याचे. तेथे ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्राची वाफ उन्हात मिसळते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पारा पन्नाशीला न जाता चाळिशीतच असला तरी हे ऊन जास्त घात करते. आपल्या दमट हवेत वाढलेला माणूस येथेच फसतो, कारण त्याला हे ऊन ओळखीचे वाटते.

शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. ही गोष्ट आम्ही दोनदा सांगतो, कारण येथेच माणसे जातात: एक ते दोन आठवडे. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याने उन्हाने दगावलेल्या कामगारांची माहिती तपासली, तेव्हा त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक कामाच्या पहिल्याच आठवड्यात गेलेले निघाले, आणि जवळजवळ निम्मे पहिल्याच दिवशी. म्हणून तिकडचे जाणकार सांगतात की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम पाचवा हिस्साच द्यावे, आणि रोज तेवढेच वाढवावे. आपला मुलगा मात्र पहिल्या दिवशी मुकादमाला दाखवायला जातो की आपण किती दणकट. घरून निघताना आईने त्याला एवढे सांगावे: पहिल्या आठवड्यात मर्दुमकी नको. रजेवर महिनाभर घरी येऊन परत जाणाऱ्यालाही हेच लागू. महिन्यात अंग सवय विसरते.

पाणी तहान लागल्यावर प्यायचे नाही. उन्हात काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तासाला सुमारे लिटरभर. पण एकदम दोन-तीन लिटर ढोसणेही वाईट, त्याने रक्तातले मीठ उतरते. जेवण सोडायचे नाही, कारण मीठ जेवणातूनच येते. आपली मीठ घातलेली भाताची पेज यासाठी उत्तम. सकाळी डब्यात पेज नेणारा माणूस बाटलीबंद रंगीत पेये पिणाऱ्यापेक्षा शहाणा. जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. लघवीचा रंग पाहावा. गर्द पिवळी, लाल-तपकिरी झाली तर अंगात पाणी नाही.

येथे एक अनुभव सांगतो. आपल्या भागातला एक तरुण तिकडे तेलाच्या टाकीच्या छपरावर वेल्डिंग करी. पाणी भरपूर होते, पण संडास खाली, दूर, आणि उतरायला मुकादमाची परवानगी लागे. म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नसे. चौथ्या महिन्यात कंबर दुखू लागली, पाय सुजले, आणि इस्पितळात मूत्रपिंडाचे दुखणे निघाले. तो परत आला, जिवंत आहे, पण जड काम करू शकत नाही. नेपाळातल्या इस्पितळांत आखातातून परतलेले असे तरुण वारंवार येतात हे तेथल्या डॉक्टरांनी मांडले आहे. ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्या बायांना हे नवे वाटणार नाही. संडास नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या ठेक्यावरच्या बाया आम्ही या वसाहतीतही पाहिल्या आहेत. पाण्याचा प्रश्न पुष्कळदा संडासाचा असतो. कामाला लागताच पाणी कोठे हे विचारता तसे संडास कोठे आणि सावली कोठे हेही विचारावे.

कपडे सैल, सुती, पुऱ्या बाह्यांचे. उघड्या अंगाने काम करणे म्हणजे अंगाला तव्यावर ठेवणे. अरब पायघोळ झगा घालतो आणि डोके-मान झाकतो, ते काही शोभेसाठी नाही. आपला पंचा किंवा उपरणे हेल्मेटखाली मानेवर घ्यावे. उष्माघाताची खूण कोणती? माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांडी जाते, अंग चटका बसावा इतके तापते. घाम थांबलेला असेल किंवा असेलही. त्यावर जाऊ नये. अशा वेळी त्याला सावलीत ओढा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत व जांघेत ठेवा, आणि कोणीतरी डॉक्टरसाठी फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. "जरा पडू दे, बरा होईल" असे म्हणून खोलीवर एकट्याला ठेवणे सर्वांत वाईट.

भर दुपारी काम बंद ठेवण्याचा कायदा बहुतेक आखाती देशांत आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन. सौदीत त्याच काळात बारा ते तीन. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट, अकरा ते चार. आणि कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. कतारच्या नियमात आणखी एक चांगली गोष्ट आहे. ऊन, दमटपणा आणि वारा मिळून काढलेला आकडा ३२.१ च्या वर गेला तर घड्याळात काहीही वाजले असो, काम थांबवायचे. आमच्या चळवळीतल्या माणसाला हेवा वाटावा असा हा नियम आहे. नियम असणे आणि पाळला जाणे यांत अंतर असते हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. पण नियम ठाऊक असलेल्या माणसापाशी मुकादम जरा जपून बोलतो. याच मुलखात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. स्वेटर आणि कानटोपी न्यावी. वाळवंट आहे म्हणून पुष्कळजण नेत नाहीत आणि पहिला पगार कांबळ्यावर घालवतात.

आता कागदाकडे. तुम्ही म्हणाल, उन्हाचा आणि कागदाचा संबंध काय? २०२४ च्या जून महिन्यात हजच्या वेळी मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि १,३०१ यात्रेकरू दगावले. सौदी सरकारनेच सांगितले की त्यांतले पाचांतले चारांहून अधिक परवान्याशिवाय आलेले होते. ज्याच्याजवळ परवाना त्याला थंड तंबू, बस आणि पाणी. ज्याच्याजवळ नाही तो उन्हातून मैलोन् मैल चालत राहिला, आणि पकडले जाऊ म्हणून दवाखान्यातही जाईना. तेथे सावलीदेखील कागदावर मिळते. कामगाराचेही तसेच आहे.

म्हणून पहिली गोष्ट, व्हिसा कोणता हे पाहा. 'विझिटवर जा, तेथे गेल्यावर कामाचा करून घेऊ,' असे जो एजंट म्हणतो त्याला तेथेच नमस्कार करावा. विझिट व्हिसावर काम करणे गुन्हा आहे, आणि ज्याचे कामच गुन्हा त्याने थकलेला पगार मागायचा कोणाकडे? दुसरी, एजंट नोंदलेला आहे काय? १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली परवाना असलेल्यानेच माणसे पाठवायची असतात. सरकारच्या ई-मायग्रेट या व्यवस्थेत त्याचा परवाना क्रमांक शोधता येतो. कचेरीत या, आम्ही शोधून देतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर परदेशगमन तपासणीची अट असते. आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीस जाताना त्यांनी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. मुलांना ही कटकट वाटते आणि एजंट ती 'चुकवून देतो' म्हणून जादा पैसे घेतो. वास्तविक ती मंजुरी म्हणजे तुमचे करारपत्र सरकारदरबारी नोंदले गेल्याचा पुरावा आहे. तिच्याबरोबर प्रवासी भारतीय विमा उतरवावा लागतो. हप्ता काही शे रुपयांचा, आणि अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचे संरक्षण. विम्याचा कागद घरी ठेवा, ट्रंकेत घालून तिकडे नेऊ नका.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. कायद्याप्रमाणे एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे पस्तीस हजार चारशे घेता येतात. पावती द्यावी लागते. गावात मात्र दीड-दीड लाख दिल्याचे ऐकू येते. समजा, दीड लाख घेतले महिना शेकडा तीन व्याजाने. पहिल्या महिन्याचे व्याज साडेचार हजार. पगार समजा पंचवीस हजार; सहा हजार खाण्यापिण्याला, दहा हजार घरी आईला. उरले नऊ हजार, ते सारे कर्जात. तर हे कर्ज फिटायला किती महिने लागतात? आम्ही वहीवर मांडून पाहिले आहे: चोविसावा महिना उजाडतो. आणि करार दोन वर्षांचा असतो! म्हणजे पोरगा दोन वर्षे पन्नास अंशांत राबला तो एजंट आणि सावकार यांच्यासाठी. ओव्हरटाइम मिळाला तर कमाई, आजारी पडला तर तोटा. शिवाय कर्ज असलेला माणूस तेथे तोंड उघडू शकत नाही. दुपारी काम करणार नाही, असे तो म्हणेल कसा? परत पाठवला तर व्याज कोण भरणार? ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तोच सावलीत बसण्याचा हक्क मागू शकतो. म्हणून कर्ज काढून जाऊ नये, आणि काढलेच तर पतपेढीचे काढावे, सावकाराचे नव्हे.

करारपत्र निघण्यापूर्वी हातात घ्यावे आणि वाचून घ्यावे. मूळ पगार किती, कामाचे तास किती, राहणे-जेवण कोणाचे, परतीचे तिकीट कोणाचे, रजा केव्हा. तेथे उतरल्यावर दुसरा अरबी कागद पुढे करतात. पगार कमी, काम वेगळे. इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेला मजूर होतो. पहिल्या कराराची नक्कल हाती असेल तर वकिलातीत काही सांगता येते. पासपोर्टाच्या, व्हिसाच्या, कराराच्या नकला तीन कराव्यात. एक फोनमध्ये, एक घरी, एक मित्रापाशी. मालकाने पासपोर्ट काढून घेणे हे बहुतेक आखाती देशांत कायद्याने मना आहे, तरी घेतात. घेतला तर भांडून मारामारी करू नये. पण केव्हा, कोणी घेतला याची नोंद ठेवावी. तिकडचे ओळखपत्र, इकामा म्हणा, बताका म्हणा, ते मात्र सदैव खिशात असावे आणि मुदत संपण्यापूर्वी महिनाभर मालकाला आठवण द्यावी. सौदीत 'हुरूब' नावाचा एक शब्द आहे. कामगार पळाला अशी मालकाने नोंद केली की तो माणूस पुढे बेकायदा ठरू शकतो. पगार थकला म्हणून रागाने काम सोडून दुसरीकडे जाणारे यात सापडतात. आधी तक्रार नोंदवावी, मग पाऊल उचलावे.

आमच्या धंद्यातली गोष्ट अशी, की येथे पगार थकला तर आम्ही गेटवर बसतो. तेथे ते करू नका. अमिरातीत, सौदीत संप म्हणजे हद्दपारी. बहरीनने २००२ मध्ये, ओमानने २००६ मध्ये युनियनला कायद्याने जागा दिली, कुवेतमध्ये त्याहून जुनी परंपरा आहे. इतरत्र युनियन काढण्याची मुभा नाही. मग करावे काय? जे कोणी मनाई करू शकत नाही ते करावे: वही ठेवावी. रोजचा तास, ओव्हरटाइम, मिळालेली रक्कम, तारीख. अमिरातीने २००९ मध्ये पगार बँकेतूनच देण्याची व्यवस्था लावली, नंतर सौदी व कतारनेही लावली. त्यामुळे बँकेचा कागद हा तुमचा साक्षीदार असतो. रोख पगार घेऊन कोऱ्या कागदावर सही करू नये. दहाजणांची तक्रार एकच असेल तर दहा वेगळे अर्ज एकाच दिवशी द्यावेत. तेथे त्याला संप म्हणत नाहीत, आणि कचेरीतला माणूस समजायचे ते समजतो. भारतीय वकिलातींकडे २००९ पासून अडचणीत सापडलेल्यांसाठी कल्याण निधी आहे. तिकिटाला, आसऱ्याला, प्रेत परत आणायलासुद्धा तो वापरता येतो. मागावा लागतो, आपण होऊन येत नाही.

सामानाविषयी बायकांनी नीट ऐकावे, कारण पेटी त्याच भरतात. खसखस देऊ नका. अनारशाला लावलेली नको, मसाल्यात कुटलेलीही नको. खसखस अफूच्या बोंडातली, आणि अमिरात, सौदी यांसारख्या देशांत तिला अफूचाच कायदा. विड्याची पाने, गुटखा, मिश्री यांवरही वक्रदृष्टी आहे. सुके बोंबील द्यायचे तर घट्ट बांधून द्या; गुन्हा होणार नाही, पण शेजारच्या प्रवाशाचा शाप लागेल. खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधे, ज्यांत कोडीन किंवा ट्रामाडोल असते, तेथे अमली पदार्थांत मोडतात. नेहमीचे औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी, मूळ वेष्टन आणि बेताचे प्रमाण, आणि आधी चौकशी. आणि दुसऱ्याचे पुडके कधीही नेऊ नये, मग देणारा सख्खा नातेवाईक का असेना. २०१९ मध्ये मुंबईचे एक दांपत्य दोह्याला सहलीस गेले. नात्यातल्याच बाईने दिलेल्या पुडक्यात चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बाईचे बाळंतपण तुरुंगात झाले. येथल्या पोलिसांनी कट उघड केला म्हणून २०२१ मध्ये ती निर्दोष सुटून घरी आली. सर्वांचे नशीब एवढे नसते.

तिकडच्या रीतीभाती फार अवघड नाहीत. बायकांचे फोटो, पोलीस-लष्कराच्या इमारतींचे फोटो काढू नयेत. रमझानात दिवसा चारचौघांत खाऊपिऊ नये. उन्हात काम करणाऱ्याने पाणी आडोशाला प्यावे, पण प्यावे. सौदी-कुवेतमध्ये दारूच्या वाटेस जाऊ नये, आणि खोलीत गाळण्याची हुशारी तर नकोच. अमिरातीत फोनवर लिहिलेल्या शिवीलाही शिक्षा आहे, हे आपल्याकडच्या काही मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे. चार शब्द आले की काम भागते: मोया म्हणजे पाणी, मुस्तश्फा म्हणजे इस्पितळ, फुलूस म्हणजे पैसे, आणि बुकरा म्हणजे उद्या. पगाराचे विचारले की मुदीर 'बुकरा' म्हणतो. तिसऱ्या 'बुकरा'नंतर वहीत लिहायला लागावे.

राहत्या खोलीत गेल्याबरोबर बाहेर पडायचा दुसरा रस्ता पाहा. १२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले. पुष्कळ जण धुराने झोपेतच. जिना बंद आहे काय, गच्चीला कुलूप आहे काय, खोलीत सिलिंडर कोठे आहे, एका वायरवर किती शेगड्या आहेत, हे पहिल्या रात्री पाहायचे. दुसऱ्या रात्री माणूस थकून झोपतो आणि मग कधीच पाहत नाही.

वाळूचे वादळ उठले तर नाकातोंडावर ओले फडके बांधून आत बसावे. गाडीत असाल तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला घेऊन थांबावे. रात्री महामार्गावर उंट येतो, आणि तो लांब पायांवर असल्यामुळे धडकेत काचेतून थेट आत येतो. गाडी चालवणाऱ्यांनी रात्री वेग आवरावा. वाळवंटात गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालू लागू नये. गाडी शोधणाऱ्याला दिसते, माणूस दिसत नाही, सावलीही गाडीचीच. आणि पाऊस. तुम्ही हसाल, पण १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. आपल्याकडे असा पाऊस झाला तर ओढे-खाड्या तो पोटात घेतात. तेथे पाणी जायला वाटच नाही. २००९ मध्ये जेद्द्यात अशाच पुरात शंभरावर माणसे गेली. कोरड्या ओढ्यात, ज्याला तिकडे वादी म्हणतात, तंबू ठोकू नये आणि पावसात त्यातून गाडी घालू नये. चिंचणीच्या माणसाने बुडून मरावे तर निदान समुद्रात, वाळवंटात नव्हे!

सहलीला जाणाऱ्यांसाठी वेगळे थोडेच आहे. मुलगा दुबईत आहे म्हणून आईवडील जातात, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. साठीपुढच्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरला विचारून जावे. लघवी वाढवणारी गोळी आणि ते ऊन यांचे जुळत नाही. अमिरातीत २०२२ पासून आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे, बाकी आखातात बहुतेक ठिकाणी शुक्रवार-शनिवार. कचेरीची कामे त्या बेताने ठरवावीत.

शेवटी घरच्यांसाठी. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा एक लाख सत्तर हजारांच्या घरात भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्या वेळी ज्यांच्या घरी पासपोर्टाचा क्रमांकदेखील लिहिलेला नव्हता अशी कुटुंबे मुलाचे नाव घेऊन कचेऱ्यांतून हिंडत होती. तेव्हा घरी एका डब्यात इतके असावे: पासपोर्ट, व्हिसा व करार यांच्या नकला, विम्याचा कागद, कंपनीचे नाव-पत्ता, खोलीवरच्या दोन सोबत्यांचे फोन, त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा फोन, एजंटाची पावती. डबा आईच्या हाताशी असावा, मित्राच्या मोबाइलमध्ये नव्हे. महिन्यातून एकदा उघडून इकाम्याची मुदत पाहावी.

आमचा वेळ झाला. तिसऱ्या रांगेत तिघेजण बसले आहेत. एकाने दम्मामला अकरा वर्षे काढली, दुसऱ्याने दोह्याला चार, तिसरा गेल्या पावसाळ्यात परत आला. प्रश्न त्यांना विचारा, आणि पगाराचे विचारायला लाजू नका. ज्यांच्या मुलांचे जाणे ठरले आहे त्यांनी करारपत्र आज बरोबर आणले असेल तर सभा संपल्यावर आम्ही येथेच बसतो. दिवा जाईपर्यंत वाचून देऊ.